एकच देव: इब्री लोकांमध्ये एकेश्वरवाद कसा घडत गेला

इब्री बायबलमध्ये राजांच्या दुसऱ्या ग्रंथात नामान नावाच्या एका अरामी सेनापतीची गोष्ट आहे. त्याला त्वचेचा असाध्य रोग जडला होता आणि इस्राएलातील अलीशा या संदेष्ट्याच्या सांगण्यावरून यार्देन नदीत सात वेळा बुडी मारल्यावर तो बरा झाला. भारावून जाऊन तो म्हणतो, की इस्राएलातील देवाखेरीज साऱ्या पृथ्वीवर दुसरा देव नाही, हे मला आता कळले. मात्र पुढच्याच क्षणी तो अलीशाकडे एक विलक्षण मागणी करतो: दोन खेचरांवर लादता येईल इतकी इथली माती मला न्यायची आहे, कारण यापुढे मी याहवेवाचून, म्हणजे इस्राएलाच्या देवावाचून, कोणालाही बली अर्पण करणार नाही. देव एकच आहे हे मान्य असलेल्या माणसाला त्या देवाची पूजा करण्यासाठी त्याच्या देशाची माती का लागावी? एकाच गोष्टीत शेजारी शेजारी आलेले हे दोन विचार वेगवेगळ्या काळांचे आहेत, आणि इब्री लोकांच्या धर्माचा इतिहास समजून घ्यायचा तर या दोहोंमधील अंतर कसे कापले गेले ते पाहावे लागते.

एकेश्वरवाद म्हटले की मोशे, सीनाय पर्वत आणि दहा आज्ञा डोळ्यांसमोर येतात, आणि एका दिवसात, एका माणसाच्या मुखातून हा विचार जगाला मिळाला असे वाटू लागते. परंतु दहा आज्ञांपैकी पहिली आज्ञा नीट वाचली तर तिच्यात इतर देव नाहीत असे म्हटलेलेच नाही. माझ्याखेरीज तुला अन्य देव नसावेत, एवढेच तिथे सांगितले आहे. ही निष्ठेची मागणी आहे. इतर देव असतील, इतर लोक त्यांना भजत असतील, तुम्ही मात्र भजायचे नाही. याला अभ्यासक एकदेवनिष्ठा म्हणतात. दुसरा देव अस्तित्वातच नाही, हे विधान त्याहून पुष्कळ मोठे आहे आणि ते निःसंदिग्ध शब्दांत यायला इ.स.पू. सहावे शतक उजाडावे लागले. माझ्या मते या इतिहासातील कळीची गोष्ट हीच आहे, की एकेश्वरवाद इथे तत्त्वचिंतनातून निघाला नाही. तो निष्ठेतून निघाला, आणि त्या निष्ठेला पराभवाचा अर्थ लावणे भाग पडले तेव्हा तो पूर्णत्वास गेला.

आरंभ कनान देशापासून, म्हणजे आजच्या इस्राएल-पॅलेस्टाइनच्या भूभागापासून, करावा लागतो. इस्राएल या नावाच्या लोकांचा बायबलबाहेरचा सर्वांत जुना सर्वमान्य उल्लेख इजिप्तचा राजा मेरनेप्ताह याच्या विजयशिळेवर आढळतो. इ.स.पू. 1208 च्या सुमाराची ही शिळा फ्लिंडर्स पेट्री यांना 1896 मध्ये थीब्ज येथे सापडली. त्याच काळाच्या आगेमागे कनानच्या डोंगराळ भागात शेकडो लहान खेडी वसलेली उत्खननांत दिसतात. तेथील भांडीकुंडी कनानी परंपरेतील आहेत आणि इब्री ही भाषाही कनानी भाषांपैकीच एक आहे. त्यामुळे आरंभीचे इस्राएली बहुतांशी त्याच भूमीतून उदयाला आलेले लोक होते, असे आज बहुतेक पुरातत्त्वज्ञ मानतात. असे लोक आपल्या शेजाऱ्यांचे देवही ओळखत असणार, हे ओघानेच आले.

ते देव कोण होते, हे आपल्याला मुख्यतः उगारित या सीरियाच्या किनाऱ्यावरील प्राचीन नगरामुळे कळले. 1928 मध्ये एका शेतकऱ्याचा नांगर तिथे एका थडग्याच्या दगडाला लागला, पुढच्या वर्षी उत्खनन सुरू झाले आणि इ.स.पू. चौदाव्या-तेराव्या शतकांतील मातीच्या पाट्या बाहेर आल्या. त्यांत देवांचे एक भरलेले घर दिसते. एल हा वयोवृद्ध, शहाणा पिता; अथिरात, म्हणजे बायबलमधील अशेरा, ही त्याची पत्नी आणि सत्तर देवांची माता; बाल हा मेघगर्जनेचा व पावसाचा देव; अनात ही लढाऊ देवी; याम म्हणजे समुद्र आणि मोत म्हणजे मृत्यू. इस्राएल या नावाच्या शेवटी जो एल आहे, तो हाच. म्हणजे या लोकसमूहाने आपले नाव घेतले तेव्हा त्याचा मुख्य देव बहुधा याहवे नसून एल असावा.

मग याहवे आला कुठून? बायबलमधील अतिप्राचीन मानली जाणारी काही गीते याचे उत्तर एकाच दिशेला बोट दाखवून देतात. शास्ते या ग्रंथातील दबोरेच्या गीतात तो सेईरहून निघतो आणि अदोमाच्या मैदानातून चालत येतो. अन्यत्र त्याचे येणे सीनायहून, पारान डोंगरावरून, तेमानाहून होते. ही सगळी ठिकाणे कनानच्या दक्षिणेकडील ओसाड मुलखातली आहेत. नुबियातील सोलेब येथे इ.स.पू. चौदाव्या शतकात आमेनहोतेप तिसरा याने बांधलेल्या मंदिरातील एका यादीत शासू नावाच्या भटक्या टोळ्यांच्या एका प्रदेशाचे नाव येते आणि ते याहवेच्या नावाशी जुळते. मोशेला या देवाचे दर्शन मिद्यान देशात, त्याच्या सासऱ्याची मेंढरे चारताना झाले, ही बायबलमधील आठवणही याच दिशेची. दक्षिणेकडून आलेल्या एखाद्या गटाने या देवाची भक्ती डोंगराळ भागात आणली असावी आणि कालांतराने एल आणि याहवे एकच मानले गेले असावेत, हे अनुमान मला पटते; कारण बायबलमध्ये बालविरुद्ध इतका आगपाखड करणारा मजकूर आहे, पण एलविरुद्ध एक शब्दही नाही.

या एकरूपतेबरोबर एलच्या घरातील माणसेही याहवेकडे आली. सीनायच्या ईशान्य भागातील कुंतिलेत अजरुद या वाळवंटी मुक्कामाच्या जागी 1975-76 मध्ये झेएव्ह मेशेल यांनी केलेल्या उत्खननात दोन मोठे रांजण सापडले. इ.स.पू. 800 च्या सुमाराचे हे रांजण. त्यांवर वासराला पाजणारी गाय आणि इतर चित्रे रेखाटली आहेत, आणि शाईने आशीर्वादाची वाक्ये लिहिली आहेत. एका ठिकाणी "शोमरोनचा याहवे आणि त्याची अशेरा" यांच्या नावाने आशीर्वाद दिला आहे (शोमरोन ही उत्तरेकडील इस्राएल राज्याची राजधानी), तर दुसरीकडे "तेमानचा याहवे आणि त्याची अशेरा" असे शब्द येतात. हेब्रोनजवळच्या खिरबेत एल-कोम येथील इ.स.पू. आठव्या शतकातील एका थडग्यावरही याहवे आणि अशेरा यांचा असाच एकत्र उल्लेख आहे. इथे अशेरा म्हणजे देवी की तिचे प्रतीक असलेला पवित्र लाकडी खांब, यावर विद्वानांत मतभेद आहेत. तो खांब मानला तरी तो कुठल्या देवीचा, हा प्रश्न उरतोच. यरुशलेमच्या मंदिरातही अशेरेची मूर्ती होती आणि तिच्यासाठी वस्त्रे विणणाऱ्या स्त्रियांची खोली मंदिराच्या आवारात होती, हे राजांचा दुसरा ग्रंथ स्वतःच सांगतो. यहूदातील, म्हणजे दक्षिणेकडील इब्री राज्यातील, घराघरांतून, दोन्ही हातांनी स्तन धरलेल्या स्त्रीच्या मातीच्या छोट्या मूर्ती शेकड्यांनी मिळाल्या आहेत, त्या इ.स.पू. आठव्या व सातव्या शतकांतील आहेत. तेव्हा लोक परक्यांच्या नादी लागून मूळचा शुद्ध धर्म सोडत होते, हे बायबलच्या संपादकांचे चित्र उलट करून पाहावे लागते: लोक वाडवडिलांचा धर्म पाळत होते, आणि तो बदलू पाहणारे लोक थोडे व नवे होते.

प्रत्येक राष्ट्राचा एक मुख्य देव असणे ही त्या प्रदेशात सर्वमान्य गोष्ट होती. अम्मोन्यांचा मिल्कोम, मोआबी लोकांचा कमोश, इस्राएलाचा आणि यहूदाचा याहवे. मोआबचा राजा मेशा याची इ.स.पू. 840 च्या सुमाराची शिळा 1868 मध्ये दिबान येथे सापडली आणि ती आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. तिच्यावरचा मजकूर वाचताना आपण बायबलच वाचतो आहोत असा भास होतो. कमोश आपल्या देशावर रागावला होता, म्हणून इस्राएलाचा राजा अम्री याने मोआबला पुष्कळ दिवस गांजले. मग कमोशने मेशाला आज्ञा केली, मेशाने नबो नगर घेतले, तेथील सात हजार माणसे देवाला वाहून मारली आणि याहवेची पात्रे ओढत नेऊन कमोशपुढे ठेवली. पराभव झाला तर आपला देव आपल्यावर रागावला आहे असे मानण्याची ही रीत इब्री लोकांची एकट्यांची नव्हती, हे इथे लक्षात ठेवले पाहिजे, कारण पुढे सगळी मदार तिच्यावरच आहे.

याहवेखेरीज कोणालाही भजू नये, हा आग्रह धरणारा पक्ष इ.स.पू. नवव्या शतकात उत्तरेकडील इस्राएल राज्यात दिसू लागतो. राजा अहाब याची फिनिशियन राणी ईजबेल हिने बालच्या उपासनेला राजाश्रय दिला आणि एलीया संदेष्टा तिच्या विरोधात उभा राहिला. वाद अजून बालच्या अस्तित्वाचा नव्हता; इस्राएलात पाऊस कोण पाडतो, हा होता. पुढच्या शतकात होशेयाने हे नाते पतिपत्नीच्या नात्याच्या भाषेत मांडले आणि इतर देवांच्या पूजेला व्यभिचार ठरवले. आमोसाने तर दुखावणारा प्रश्न विचारला: इस्राएलाला मिसरातून, म्हणजे इजिप्तमधून, बाहेर आणणाऱ्या देवाने पलिष्ट्यांना कफतोरातून आणि अरामी लोकांना कीरातून आणले नव्हते काय? शेजारच्या राष्ट्रांचा इतिहासही याहवेच्याच हाती आहे, हे त्याने सुचवले, आणि तेथून विश्वाचा देव फार दूर नाही.

इ.स.पू. 722 च्या सुमारास अश्शूरच्या (असीरियाच्या) साम्राज्याने शोमरोन घेतले आणि इस्राएलचे राज्य संपले. उरलेले छोटे यहूदा राज्य अश्शूरचे मांडलिक होते, आणि या मांडलिकीने इब्री धर्माला आपला शब्दसंग्रह पुरवला, असे म्हटले तर ते वावगे ठरू नये. अश्शूरचा सम्राट एसरहद्दोन याने इ.स.पू. 672 मध्ये आपला मुलगा असुरबनिपाल याच्या वारसाहक्कासाठी मांडलिकांकडून शपथा घेतल्या. त्या शपथपत्राची एक प्रत 2009 मध्ये तुर्कस्तानातील तेल तायिनात येथे एका मंदिराच्या गाभाऱ्यात मिळाली. त्यात मांडलिकांनी असुरबनिपालावर स्वतःइतके प्रेम करावे असे बजावले आहे. भाऊ, मुलगा, मुलगी किंवा एखादा संदेष्टा जरी राजद्रोहाची गोष्ट बोलला तरी ती लपवू नये असे सांगितले आहे. आणि शपथ मोडणाऱ्याचे आकाश पितळेचे होवो, असा शाप आहे. आता बायबलमधील अनुवाद हा ग्रंथ उघडावा. सहाव्या अध्यायात याहवेवर पूर्ण अंतःकरणाने, पूर्ण जिवाने, पूर्ण शक्तीने प्रेम करण्याची आज्ञा आहे, तेराव्या अध्यायात अन्य देवांकडे वळवणाऱ्या भावाला, मुलाला, पत्नीला पाठीशी न घालण्याची, आणि अठ्ठाविसाव्यात डोक्यावरचे आकाश पितळेचे होण्याचा शाप. सम्राटाने मागितलेली अनन्य निष्ठा यहूदाच्या लेखकांनी उचलली आणि ती सम्राटाऐवजी आपल्या देवाच्या चरणी वाहिली. एका लहान, दबलेल्या राज्यातील लेखणीने केलेले हे मोठे बंड होते, आणि त्याची दखल आपण पुरेशी घेत नाही असे मला वाटते.

सहाव्या अध्यायातील त्या प्रेमाच्या आज्ञेच्या आधीचे वाक्य, "हे इस्राएला, ऐक", म्हणजे शेमा, महाराष्ट्राला परके नाही. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आपले पूर्वज कोकणात आले असे मानणारे, तेल गाळण्याचा धंदा करणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून शनिवार तेली म्हटले गेलेले बेने इस्राएल ग्रंथ व विधी विसरले, तरी शेमा त्यांच्या तोंडी राहिला, अशी त्यांची परंपरा सांगते.

ही निष्ठा प्रत्यक्ष राजाज्ञा बनली ती यहूदाचा राजा योशीया याच्या काळात. इ.स.पू. 622 मध्ये यरुशलेमच्या मंदिराची दुरुस्ती चालू असताना नियमशास्त्राचा एक ग्रंथ सापडल्याचे राजाला कळवण्यात आले. हा ग्रंथ म्हणजे अनुवादाचे आरंभीचे रूप असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. योशीयाने अशेरेची मूर्ती मंदिरातून काढून किद्रोनच्या ओढ्याजवळ जाळली, गावोगावची पूजास्थाने बंद केली आणि बलिदानाचा हक्क एकट्या यरुशलेमला दिला. अशा एका पूजास्थानाचे दर्शन आपल्याला नेगेवच्या सीमेवरील अराद किल्ल्यात होते. गाभाऱ्यात उभे पाषाण होते, त्याच्या उंबरठ्यावर दोन लहान वेद्या होत्या. हे सारे फोडून टाकलेले नव्हते. काळजीपूर्वक आडवे करून वर माती घातलेली होती. त्या वेद्यांवरील काळ्या थराचे रासायनिक परीक्षण 2020 मध्ये प्रसिद्ध झाले: मोठ्या वेदीवर ऊद आणि लहान वेदीवर भांग जाळल्याच्या खुणा होत्या. अराद बंद कोणी केले, योशीयाच्या आधीचा यहूदाचा राजा हिज्कीया याने की अन्य कोणी, यावर एकमत नाही. पण ज्या हातांनी त्या वेद्या अलगद आडव्या केल्या, त्यांना त्या पवित्र वाटत होत्या एवढे नक्की.

योशीया इ.स.पू. 609 मध्ये मगिद्दो येथे इजिप्तच्या राजाकडून मारला गेला. बाबेलचा (बॅबिलोनचा) राजा नबुखद्नेस्सर याने 597 मध्ये यरुशलेममधून राजा आणि सरदार कैद करून नेले आणि 586 च्या सुमारास शहर व मंदिर जाळले. या प्रसंगाचा अर्थ काय लावायचा, यावर झालेला एक वाद यिर्मया या संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायात जपला गेला आहे, आणि साऱ्या इब्री बायबलमध्ये माझ्या दृष्टीने हा सर्वांत मोलाचा ऐतिहासिक पुरावा आहे. इजिप्तमध्ये पळून आलेल्या यहूदी लोकांना यिर्मया सांगतो, की तुम्ही अन्य देवांना धूप जाळलात म्हणून हे संकट आले. त्यावर लोक, आणि विशेषतः स्त्रिया, त्याला ठणकावून उत्तर देतात. आम्ही स्वर्गाच्या राणीला धूप जाळत होतो, पेयार्पणे देत होतो, तिच्या आकाराच्या पोळ्या करत होतो, आमचे वाडवडील आणि राजेही तेच करत होते. तेव्हा आम्हाला पोटभर अन्न होते आणि कसलेही अरिष्ट नव्हते. ते बंद केले तेव्हापासून आम्हाला सगळ्याची वाण पडली आणि तलवारीने व दुष्काळाने आमचा नाश झाला. त्याच ग्रंथात या पूजेचे घरगुती चित्रही आहे: मुले लाकडे गोळा करतात, बाप विस्तव पेटवतात, बायका कणीक मळतात. या स्त्रियांचा युक्तिवाद कच्चा नव्हता. योशीयाच्या सुधारणा आधी झाल्या आणि विनाश नंतर आला, हे त्यांच्या डोळ्यांदेखत घडले होते. यिर्मयाचा अर्थ टिकला, कारण पुढे ग्रंथ लिहिणाऱ्यांनी आणि नकलणाऱ्यांनी तो स्वीकारला.

आणि तो स्वीकारण्यात एक मोठी अडचण होती. मंदिर जळाले, म्हणजे बाबेलचा मुख्य देव मार्दुक जिंकला आणि याहवे हरला, हा त्या काळच्या कोणालाही सुचणारा सरळ निष्कर्ष होता. याहवे रागावला असे म्हणणे मेशाच्या काळापासून चालत आलेले होते. परंतु त्याच्या रागाचे हत्यार जर बाबेलचे सैन्य असेल, तर बाबेलचे सैन्यही त्याच्या हुकमात असले पाहिजे, आणि तसे असेल तर मार्दुकला करण्यासारखे काही उरतच नाही. हे शेवटचे पाऊल बाबेलमधील बंदिवासात टाकले गेले. यशयाच्या ग्रंथाचे चाळीस ते पंचावन्न हे अध्याय ज्याने रचले, त्या अनामिक कवीला अभ्यासक दुसरा यशया म्हणतात. त्याच्या मुखातून प्रथमच ते शब्द येतात: मी आदी आहे, मी अंत आहे, माझ्यावाचून देव नाही; मी प्रकाश घडवतो आणि अंधकार उत्पन्न करतो. बाबेलच्या बेल आणि नबो या देवांच्या मूर्ती थकलेल्या जनावरांच्या पाठीवर लादल्या जातात, असे तो दाखवतो, आणि आपला देव मात्र आपल्या लोकांना गर्भापासून म्हातारपणापर्यंत स्वतः वाहून नेतो, असे सांगतो. अर्ध्या लाकडावर भाकर भाजून उरलेल्या अर्ध्याचा देव करणाऱ्या सुताराची त्याच ग्रंथातील टवाळी प्रसिद्ध आहे. ती न्याय्य मात्र नाही. बाबेलमध्ये मूर्तीचे मुख धुऊन तिच्यात देवाला आणण्याचा सविस्तर विधी होता, आणि आपल्याकडील प्राणप्रतिष्ठा ठाऊक असलेल्या वाचकाला हे सहज कळेल, की पूजक लाकडाला लाकूड म्हणून पूजत नव्हता.

इ.स.पू. 539 मध्ये इराणचा सम्राट कोरेश याने बाबेल घेतले. दुसरा यशया त्याला याहवेचा अभिषिक्त म्हणतो आणि लगेच जोडतो, की तू मला ओळखत नसतानाही मी तुला नावाने हाक मारली. बाबेलमध्ये 1879 मध्ये सापडलेल्या, सध्या ब्रिटिश म्युझियममध्ये असलेल्या कोरेशच्या मातीच्या दंडगोलावर मात्र कोरेशला निवडणारा देव मार्दुक आहे. एकाच विजयावर दोन देवांच्या वतीने सांगितलेला हा हक्क शेजारी ठेवून वाचला, म्हणजे दुसरा यशया कोणाला उत्तर देत होता ते कळते. इजिप्तच्या अखेनातेनने इ.स.पू. चौदाव्या शतकात आतेन या सूर्यबिंबाची एकमेव उपासना लादली होती, तिचा इब्री विचाराशी थेट दुवा सापडलेला नाही. इराणी धर्माचा प्रभाव नंतरच्या यहुदी विचारावर, विशेषतः देवदूत आणि सैतान यांच्या कल्पनांवर, पडला असावा. पण या अध्यायांतील झगडा बाबेलच्या देवांशीच आहे.

हा विचार सगळीकडे लगेच पोहोचला नाही. इजिप्तच्या दक्षिण सीमेवर, नाईल नदीतील एलिफंटाइन बेटावर, इराणी सम्राटाच्या चाकरीत असलेल्या यहूदी शिपायांची वस्ती होती आणि तिथे त्यांनी याहूचे, म्हणजे याहवेचे, मंदिर बांधले होते. इ.स.पू. 410 मध्ये ते पाडले गेले, तेव्हा त्यांनी यरुशलेमच्या मुख्य याजकाला पत्र लिहिले. उत्तर आले नाही. 407 मध्ये त्यांनी यहूदाचा अधिकारी बागोही याच्याकडे अर्ज केला. योशीयाच्या नियमानुसार ते मंदिर असायलाच नको होते, याची त्यांच्या अर्जात कुठेही कल्पना दिसत नाही. त्याच वस्तीतील देणग्यांच्या एका यादीत याहूबरोबर अशिमबेथेल आणि अनातबेथेल यांच्यासाठीही रक्कम जमा केलेली आहे, आणि अनातबेथेलची रक्कम याहूच्या जवळजवळ तितकीच आहे.

जुन्या देवांचे काय झाले, हे अनुवादाच्या बत्तिसाव्या अध्यायातील एका गीतात दिसते. परात्पराने राष्ट्रांना त्यांचे वाटे दिले तेव्हा लोकांच्या सीमा इस्राएलपुत्रांच्या संख्येप्रमाणे ठरवल्या, असे परंपरेने आलेल्या इब्री पाठात म्हटले आहे. मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहांत मिळालेल्या एका जुन्या तुकड्यात मात्र त्या जागी देवपुत्र असे आहे. म्हणजे प्रत्येक राष्ट्राला एकेक देव आणि याहवेच्या वाट्याला याकोब, म्हणजे इस्राएल. कोणा लेखकाला ते वाक्य खटकले आणि त्याने दुरुस्त केले. ब्याऐंशीव्या स्तोत्रात देव देवांच्या सभेत उभा राहून त्यांना न्याय न केल्याबद्दल मरणाची शिक्षा सुनावतो, तो मजकूर तसाच राहिला. आणि इ.स.पू. दुसऱ्या शतकात पूर्ण झालेल्या दानीएलाच्या ग्रंथात, राष्ट्रांचे ते जुने देव पारसाचा (इराणचा) अधिपती, यावानाचा (ग्रीसचा) अधिपती अशा नावांनी, देवाच्या हाताखालचे दूत होऊन उभे आहेत.